इंजिनाच्या मागे तिसरा डबा

ह्या ब्लॉगवर मी काश्मीर लिहिलं, रामेश्वर लिहिलं, परवा नातवाबरोबर केलेलं भूतानही लिहून झालं. आज माझा सगळ्यात छोटा प्रवास सांगते. कोल्हार ते बेलापूर स्टेशन. एसटीनं तासाभराचा रस्ता, जाऊन येऊन एक दिवस. साल १९७१, थंडी सरत आलेली, उसाचा हंगाम भरात. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, गावच्या प्राथमिक शाळेत नुकती बाई म्हणून लागले होते आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी माझी खात्री होती. ती खात्री अजूनही थोडीफार आहे, म्हणून तर ब्लॉग लिहिते.

जायचं ठरलं ते एका पोस्टकार्डामुळे. कार्ड सुधाचं. सुधा माझी बालमैत्रीण, आमच्या हेडमास्तरांची एकुलती एक मुलगी. कार्ड तिनं घरी न पाठवता माझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवलं होतं, कारण घरी पाठवलेलं वाचलंच गेलं नसतं. तीन वर्षांपूर्वी तिनं विलासशी पुण्यात लग्न केलं. विलास राहुरीकडचा, मराठा, शिकलेला, चांगला मुलगा. सुधाचं घर ब्राह्मणाचं. हेडमास्तरांनी, म्हणजे नानांनी, त्या दिवसापासून घरात तिचं नाव घ्यायचं नाही असं सांगून टाकलं आणि स्वतः ते पाळलंही. माणूस मुलखाचा हट्टी.

कार्डाच्या कोपऱ्यात जबलपूरचा नवा पत्ता होता आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: विलासला जबलपूरला कारखान्यात नोकरी लागली आहे. येत्या गुरुवारी पुण्याहून निघतोय. जबलपूरकडे जाणारा एक डबा पुण्यालाच गाडीला लावतात, मनमाडला तो काढून पुढच्या गाडीला जोडतात, त्यामुळे बदलायची दगदग नाही. विलास स्टेशनवर बघून आला, आमचा डबा इंजिनाच्या मागे तिसरा. दुपारी एकच्या सुमाराला बेलापूरला पाच मिनिटं गाडी थांबते. छकुली दीड वर्षाची झाली. कुसुम, काहीही कर, पण नानांना घेऊन ये. एकदा बघू देत तिला. जबलपूर लांब आहे, पुन्हा इकडे कधी येणं होईल देव जाणे.

नवख्यांसाठी सांगते, श्रीरामपूर शहराच्या स्टेशनाचं नाव बेलापूर. बेलापूर हे गाव वेगळंच, प्रवरेच्या काठी, काही मैल अलीकडे. गावाचं नाव बघून गावात उतरलात तर रूळ शोधत बसाल.

संध्याकाळी मी नानांकडे गेले. काकू, म्हणजे सुधाची आई, देवळात कीर्तनाला गेल्या होत्या, तीच वेळ साधली. नाना ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. मी कार्ड त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी अक्षर ओळखलं आणि पेपर तोंडापुढे ओढला.

"मला वाचायचं नाही."

"मग मी वाचते." आणि मी मोठ्यानं वाचलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. छकुलीचं नाव आलं तेव्हा पेपर जरा हलला.

"झालं वाचून? आता जा."

मी काही गेले नाही. म्हटलं, "नाना, मी मराठ्याची. तुम्ही मला पाटीपासून शिकवलंत. तुमच्या पानाला पान लावून मी ह्या ओसरीवर जेवलेय. ते चालतं ना तुम्हाला?"

"तो प्रश्न वेगळा."

"कसा वेगळा? समजावून सांगा. भूगोल समजावून सांगायचात तसा."

नानांनी पेपरची घडी घातली, परत उलगडली, पुन्हा घातली. मला आतून भीती वाटत होती, पण मी हलले नाही. शेवटी ते म्हणाले, "कितवा डबा म्हणालीस?"

"तिसरा. इंजिनाच्या मागे."

"येतो. पण हिला एक अक्षर सांगायचं नाही." हिला म्हणजे काकूंना. "गाडी चुकली, भेट झाली नाही, तर ती दुसऱ्यांदा रडेल. एकदा रडली तेवढं पुरे. मी पेन्शनच्या कागदांसाठी श्रीरामपूरला जातोय, एवढंच."

मला ते पटलं. नाना येतायत ह्याच आनंदात मी होते. आपण गड जिंकला असंच वाटत होतं.

गुरुवारी सकाळी आठच्या एसटीला आम्ही उभे राहिलो. काकू नानांना सोडायला फाट्यापर्यंत आल्या होत्या. कापडी पिशवीत दशम्या, लसणाची चटणी, पाण्याचा तांब्या. "कचेरीत उशीर झाला तर उपाशी राहू नका," म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "आणि तू गं कशाला निघालीस?" मी म्हटलं, "खडू आणायचेत शाळेला." थाप मारताना मी कधी अडखळत नाही, पण त्या दिवशी काकूंकडे बघता आलं नाही.

रस्ता आजच्यासारखाच नदीच्या कडेकडेनं जाणारा, फक्त अरुंद आणि खड्ड्यांचा. हंगामात ह्या रस्त्यानं जाणार असाल तर घड्याळावर विसंबू नका. कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या गाड्यांची रांग लागलेली, गाडीवान वर उसावर आडवे झोपलेले, बैल आपले आपण चालतायत. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून कंटाळला. कंडक्टर दारातून अर्धा बाहेर लोंबकळत ओरडत होता, "आरं ए पाव्हनं! उठा की! एष्टी हाय, तुमच्या मागनं चालायला दिंडी न्हाई!" एक गाडीवान झोपेतच म्हणाला, "जा की वरून." सगळी गाडी हसली. नाना हसले नाहीत. ते दर पाच मिनिटांनी खिशातलं घड्याळ काढून बघत होते, आणि बेलापूर गावात बस उभी राहिली तेव्हा तर त्यांनी कंडक्टरला वेळापत्रकच ऐकवलं.

तरी साडेनऊला आम्ही स्टेशनवर हजर. गाडीला अजून साडेतीन तास. स्टेशनाबाहेर भेळभत्ता मस्त मिळायचा, चुरमुरे, शेव, वर हिरवी मिरची, कागदाच्या पुड्यात. मी खाल्ला. नाना म्हणाले, भूक नाही. फलाटाची तिकिटं काढून आत गेलो आणि तिथं नानांनी खिशातून सुतळीचं बंडल काढलं. सुतळीला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या होत्या. मी चकित झाले.

"हे काय नाना?"

"डबा साधारण सत्तर फूट लांब असतो. इंजिन आणि त्याचा कोळशाचा टेंडर मिळून थोडं कमीजास्त. इंजिन कुठं थांबतं ते कळलं की तिसरा डबा कुठं येणार ते काढता येतं. पाच मिनिटांत तीन मिनिटं शोधण्यात घालवायची का?"

म्हणजे ह्या माणसानं रात्रभर बसून गाठी मारल्या होत्या. मला एकदम भरून आलं, आणि ते लपवायला मी त्यांची चेष्टा केली. "सातवीच्या पोरांना घेऊन आलो असतो तर बरं झालं असतं नाना, प्रात्यक्षिक झालं असतं." ते म्हणाले, "धर ते टोक, बडबड करू नकोस."

फलाटावर रंगनाथ चहावाला होता. पन्नाशीचा, खाकी हाफ पँट, डोक्याला रुमालाची टापशी. नानांनी त्याला विचारलं, "पुण्याकडून येणाऱ्या गाडीचं इंजिन कुठं थांबतं?"

"त्या तिकडं, मनमाडच्या अंगाला. पान्याचा नळ हाय का न्हाई, त्याच्या म्होरं." रंगनाथनं हात केला. नानांनी एवढंच विचारलं, म्हणून त्यानं एवढंच सांगितलं.

मग आम्ही मोजायला लागलो. मी नळापाशी सुतळीचं टोक पायाखाली दाबून उभी, नाना एक गाठ, दुसरी गाठ करत मागे मागे जातायत. गाडीची वाट बघणारी माणसं भोवती जमली. एक फेटेवाला म्हणाला, "काय मास्तर, फलाट इकत घेताय का काय?" नानांनी लक्ष दिलं नाही. तिसऱ्या डब्याच्या मधोमध येईल अशा जागी त्यांनी खडूनं फुली मारली, खाली तारीखही घातली. पुढच्या-मागच्या दारांच्या जागीही दोन रेघा. मग फुलीवर उभे राहिले ते हललेच नाहीत. बारा वाजले, साडेबारा वाजले, ऊन चढलं, तरी नाना फुलीवर. मी चहा आणून दिला तो तिथंच उभ्यानं प्यायले.

एकदा त्यांनी मला विचारलं, "दीड वर्षाचं मूल बोलतं का गं?"

"बोलतं की. आई, बाबा, माऊ, असं."

"आजोबा म्हणता येत नसेल."

"नाना शिकवलं असेल तर येईल. सोपं आहे."

ते धोतराचा सोगा नीट करत राहिले.

गाडी अर्धा तास लेट झाली. एकच रूळ, समोरून मालगाडी आली की हिला कुठंतरी उभं राहावं लागायचं. दीड वाजून गेल्यावर पुण्याच्या अंगाला, राहुरीच्या बाजूला, धूर दिसला. रंगनाथनं किटली उचलली आणि आमच्या शेजारी येऊन उभा राहिला. गिऱ्हाईक पुढच्या डब्यांत जास्त.

"कोन यायचंय मास्तर?"

"पुण्याहून... ओळखीचे आहेत," नाना म्हणाले. मुलगी हा शब्द अजून तोंडातून निघत नव्हता. "जबलपूरच्या डब्यात. इंजिनामागे तिसरा."

"तिसरा? कुनी सांगितलं?"

"पुण्याला प्रत्यक्ष बघून आलेत ते."

रंगनाथनं किटली खाली ठेवली. "पुन्यात तिसरा व्हय. आवो मास्तर, दौंडाला इंजिन ह्या टोकाचं त्या टोकाला लागतं न्हवं! पुन्याची गाडी दौंडात जाती आन उलटी होऊन नगरकडं येती. पुन्यात पुढून तिसरा त्यो हितं शेवटून तिसरा. जबलपूरचा डबा लई मागं ऱ्हातो. त्यो फलाटाला लागतबी न्हाई, भाईर खडीवर उभा ऱ्हातो."

तोपर्यंत इंजिन धडधडत आमच्यासमोरून गेलं. नळाच्या पुढे थांबलं, अगदी रंगनाथनं सांगितलं होतं तिथं. तिसऱ्या डब्याचं दार खडूच्या रेघेवर येऊन उभं राहिलं. एक वीतसुद्धा इकडेतिकडे नाही. दारात भोपळे, पोती, कोंबड्यांची टोपली आणि चेंगरलेली माणसं. डब्यावर रंगवलेलं होतं किती जणांनी बसायचं ते, आत त्याच्या दुप्पट तरी नक्की होती.

नाना त्या दाराकडे बघत उभे. मला म्हणाले, "बरोबर आलाय बघ." आणि लगेच, "हा नव्हे?"

नाना बत्तीस वर्षं भूगोल शिकवत होते. भिंतीवरच्या नकाशात दौंड त्यांनी हजारदा छडीनं दाखवलं असेल. पण आम्ही कोल्हारचे लोक पुण्याला एसटीनं जाणारे. दौंडला गाडी उलटी फिरते हे कुणाला माहीत? सुधाही एसटीनंच गेली होती. विलासनं पुण्यात गाडी बघितली आणि खरं तेच सांगितलं. चूक कुणाचीच नव्हती आणि गाडी मात्र पाच मिनिटांत निघणार होती. उशीर झाल्यामुळे बहुतेक पाचही नाही.

"नाना, पळा!" मी ओरडले.

मी साडी खोचली आणि सुटले. डबे मोजत पळत होते. चौथा, पाचवा, सहावा. प्रत्येक दारापाशी माणसांचा गोळा, आतले म्हणतायत जागा नाही, बाहेरचे म्हणतायत सरका, कुणाची पेटी खिडकीला अडलेली, कुणाचं पोर आत आणि आई बाहेर. आजच्या गाड्यांत आतून एका डब्यातून दुसऱ्यात जाता येतं, तेव्हा त्या डब्यांना तसला रस्ता नव्हता. बाहेरूनच पळायचं. आठवा, नववा. फलाट दहाव्या डब्याशी संपला. पुढे उतार, खडी, आणि त्या खडीवर आणखी पाच डबे उभे. मी उतारावर आले आणि ओरडले, "सुधाऽऽ!"

लांब, तेराव्या डब्याच्या खिडकीत हात हलला. विलास खाली खडीवर उतरून फलाटाच्या दिशेनं बघत होता. दार माणसाच्या छातीएवढं उंच, सुधा पोराला घेऊन उतरणार कशी? तिनं विचारलं ते मला स्पष्ट ऐकू आलं: "नाना नाही आले?"

मी मागे वळून बघितलं. नाना फलाटाच्या मध्यावर होते. पासष्टीचा माणूस, पायात पुणेरी जोडे, आयुष्यात मुलांसमोर कधी घाईनं चालला नव्हता, तो गर्दीत कोपरं मारत पळत होता. एक जोडा निघाला, तो तिथंच टाकला. टोपी पडली. आणि सातव्या का आठव्या डब्यापाशी त्यांचा दम संपला. गुडघ्यांवर हात ठेवून ते वाकून उभे राहिले.

तेवढ्यात शिट्टी झाली.

गाडीला हिसका बसला, डबे एकामागून एक खडखडले आणि गाडी निघाली. विलासनं दांडी धरून उडी मारली आणि दारात चढला. मी वेड्यासारखी फलाटावर परत पळाले आणि पळता पळता माझ्या डोक्यात उजेड पडला. गाडी पुढं जातेय म्हणजे मागचे डबे फलाटावरूनच जाणार! एवढी लांबलचक गाडी, तिचं शेपूट नानांच्या शेजारून गेल्याशिवाय स्टेशन सोडूच शकत नाही. आम्ही पळालोच नसतो, नाना आपल्या फुलीवर उभे राहिले असते, तरी सुधा त्यांच्यासमोरून गेलीच असती.

"नाना, उभे राहा! ती येतेय! तुमच्याकडेच येतेय!"

नानांनी मान वर केली. अकरावा गेला, बारावा गेला. वाफेचं इंजिन, पंधरा डब्यांचं ओझं, गाडी अजून माणसाच्या चालीनं चाललेली. तेरावा डबा आला. खिडकीच्या गजांत सुधाचा चेहरा, तिच्या कडेवर लाल झबल्यातलं पोर.

"नाना!" सुधा ओरडली.

नाना गाडीबरोबर चालायला लागले. मग भरभर. मग परत पळायला लागले, आता गाडीच्या दिशेनं, एका पायात जोडा. खिडकीच्या गजावर त्यांनी हात ठेवला, पोराची बोटं त्यांच्या बोटांवर आली, आणि गाडीनं वेग धरला. मला वाटलं, झालं, एवढीच भेट. एवढी तरी झाली.

विलास दारात एका हातानं दांडी धरून वाकला होता. त्यानं दुसरा हात पुढं केला. "नाना, हात द्या."

नानांनी त्या हाताकडे बघितलं. तीन वर्षं ज्याचं नाव घरात निघालं नव्हतं त्याचा हात. मी शप्पथ सांगते, ते पळता पळता क्षणभर थांबणार होते, मला त्यांच्या खांद्यावरून कळलं. आणि मग त्यांनी तो हात धरला. दोन्ही हातांनी धरला. विलासनं त्यांना वर ओढलं, आतल्या दोनचार जणांनी धोतराला, बंडीला धरून ओढलं, आणि आमचे हेडमास्तर बिनातिकिटाचे गाडीत गेले. मी पळत जाऊन माझ्या खांद्यावरची दशम्यांची पिशवी दारात फेकली. ती कुणीतरी झेलली. (चालत्या गाडीत चढू नये, हे मी इथं स्वच्छ लिहून ठेवते. माझा नातू हे वाचतो.)

गाडी गेली. फलाट रिकामा झाला. रंगनाथनं नानांचा जोडा आणि टोपी आणून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "मास्तर कुठवर जानार?"

"पुढच्या थांब्याला, पुणतांब्याला उतरतील," मी म्हटलं.

"ते? आता न्हाई उतरत."

मी संध्याकाळपर्यंत स्टेशनवर बसले. मनमाडकडून येणारी गाडी आली, नाना त्यात नव्हते. तेव्हा मी हसत हसत एसटीत बसले. काय सांगू किती खूश होते! जोडा मांडीवर ठेवून अख्ख्या रस्त्यात एकटीच हसत होते. कोल्हारच्या पुलावर बस आली आणि माझं हसू थांबलं. आता काकूंना सांगायचं होतं.

काकू दारातच उभ्या होत्या. माझ्या हातातला एकच जोडा बघून त्यांनी दाराची चौकट धरली. मी घाईघाईनं म्हटलं, "काकू, नाना ठणठणीत आहेत! ते सुधाकडे गेलेत." आणि मग पहिल्यापासून सगळं सांगितलं. कार्ड, सुतळी, फुली, दौंडचं इंजिन, सगळं. काकू पायरीवर बसून ऐकत होत्या.

"हात त्यानं दिला? जावयानं?"

"हो. आणि नानांनी धरला."

काकू हसल्या. पदर तोंडाला लावून खूप हसल्या. "एका जोड्यानिशी गेले जबलपूरला!" मग म्हणाल्या, "आणि दशम्या?"

"त्या पण गेल्या."

"सुधानं खाल्ल्या असतील."

"खाल्ल्या असतील की."

"मला ठाऊक असतं तर गुळाच्या केल्या असत्या. तिला गुळाच्या आवडतात." हे बोलता बोलता त्यांचा आवाज बदलला. त्या माझ्याकडे बघायला लागल्या. "सकाळी मी फाट्यावर उभी होते, कुसुम. तुमच्या शेजारी. एसटीत जागा होती. तुला एकदाही वाटलं नाही?"

मी म्हटलं, नाना म्हणाले होते. भेट चुकली तर तुम्ही रडाल म्हणून.

"रडले असते मग. माझी मुलगी आहे. मला रडायलाही ह्यांची परवानगी लागते का?"

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी बावीस वर्षांची शहाणी, नानांना तोंडावर प्रश्न विचारणारी, तिथं खाली मान घालून उभी राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी पहाटे दार वाजलं. काकू. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात नानांचा जोडा कागदात गुंडाळलेला. "ते कार्ड दे. पत्ता आहे ना त्यावर? आणि स्टेशनपर्यंत चल, तिकीट कसं काढतात ते मला दाखव." काकूंनी तोवर नगरच्या पलीकडचं काही पाहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, मी येते जबलपूरपर्यंत, रजा टाकते. म्हणाल्या, "नको. तू आलीस की मी आपली तुझ्या मागं चालत राहीन."

तेच स्टेशन, तीच गाडी. रंगनाथनं विचारलं, "कोन्ता डबा काकू? जबलपूरचा मागं येतो बरं का."

"तो लांब आहे. पुढ्यात येईल तो चालेल."

पुढ्यात आलेल्या डब्यात तीळ ठेवायला जागा नव्हती. दारातला माणूस म्हणाला, "मावशे, म्होरं जा, हितं न्हाई जागा." काकूंनी पिशवी त्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "धरा जरा. उभी राहीन मी. लेकीकडे निघालेय." त्यानं पिशवी धरली, आता काय करणार? आतून एका बाईनं हात दिला, कुणीतरी पोतं उचलून मांडीवर घेतलं, कुणी पोराला वर फळीवर बसवलं, आणि काकू आत गेल्या. मी खिडकीशी जाऊन सांगितलं, "मनमाडला गाडी बदला, इटारसीला नीट विचारा. काकू, नाना रागावले तर?"

"रागावू देत की," काकू म्हणाल्या. "तिथं तेही पाहुणे, मीही पाहुणीच." डब्यातल्या बायका खो खो हसल्या, आणि गाडी हलली.

आता त्या मार्गाला विजेचे खांब आलेत. दौंडला वळणाचा वेगळा रूळ टाकलाय, पुष्कळ गाड्या तिथं उलट्या होत नाहीत. फलाट लांब झाले, डब्यांचे आकडे दिसतात. तरी तुम्ही त्या बाजूला गेलात तर डबा कुठं येतो ते फलाटावरच्या माणसाला विचारा, आणि नुसतं इंजिन कुठं थांबतं एवढंच विचारून थांबू नका.

नाना आणि काकू दीड महिना जबलपूरला राहिले. नाना परतले ते विलासचा शर्ट घालून, आणि पुढे दर सुट्टीत छकुली कोल्हारला यायला लागली. मी नानांना स्टेशनावर नेलं ह्याचं गावानं खूप कौतुक केलं, मीही करून घेतलं. पण मनाला डाचत राहिलं ते वेगळंच. तीन वर्षं आम्ही सगळे रुसलेल्या माणसाची समजूत कशी काढायची ह्याचाच विचार करत होतो. जी रुसली नव्हती, तिला काय हवंय हे आमच्यापैकी कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

काकू जबलपूरला गेल्यानंतर आठवड्यानं मला शाळेच्या पत्त्यावर कार्ड आलं. काकूंच्या हातचं पहिलंच पत्र मला, मोठाली, वळणदार, सावकाश काढलेली अक्षरं. "कुसुम, सुखरूप पोचले. मनमाडला विचारलं, इटारसीला विचारलं, इथं रिक्षावाल्याला विचारलं. विचारलं की सांगतात गं सगळे. मी आजवर कुणाला विचारलंच नव्हतं."